पेटंट कोणत्या सुधारणेला मिळते?

उंद्रीच्या एखाद्या मिस्त्रीने पाण्याच्या हीटरला थर्मोस्टॅट जोडला, पाणी तापताच वीज आपोआप बंद झाली, तर त्याला पेटंट मिळेल काय? आमचे उत्तर : बहुधा नाही. थर्मोस्टॅटचे कामच ते. १९७० च्या कायद्यात वस्तू नवी असून भागत नाही. ती त्या धंद्यातील जाणत्या कारागिराला सहज सुचणारी नसावी लागते.

मिर्झापूरच्या भांड्यांचा खटला याच मुद्द्यावर गाजला. लेथवर भांडे घट्ट धरण्याच्या पद्धतीचे पेटंट हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजकडे होते. अलाहाबाद हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी ते रद्द केले, अपिलात खंडपीठाने ते उचलून धरले, आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा रद्द केले. ही कारखान्यातली नेहमीची सुधारणा, शोध नव्हे! निकाल आम्हाला पटतो. नाहीतर कारागिरांच्या रोजच्या हातोटीवर एकाचीच मालकी बसली असती.

तेव्हा पेटंटची नोटीस आली म्हणून लगेच काम बंद करू नये. ती रीत अर्जाच्या तारखेआधी चालू होती हे दाखवणारी बिले, कॅटलॉग घेऊन वकिलाकडे जावे. स्वतःचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाने नाकारला, तर २०२१ पासून अपील थेट हायकोर्टात होते. मुदत तीन महिने.