भाकरीतलं लोह आणि लिंबाची फोड

ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, भरीत, मेथीची भाजी. जळगाव-धुळ्याच्या या ताटात लोह असतं, पण ते सगळं रक्तात पोहोचत नाही. ज्वारी आणि उडदातलं फायटेट लोहाला घट्ट धरून ठेवतं. शिवाय वनस्पतीतलं लोह बहुतांशी ‘फेरिक’ रूपात असतं आणि आतड्याला हवं असतं ‘फेरस’. हा बदल ‘क’ जीवनसत्त्व घडवून आणतं, फायटेटची पकडही सैल करतं. ते उष्णतेनं नष्ट होतं, म्हणून लिंबू शिजताना नव्हे, पानात पिळावं. पेरू, आवळाही चालेल. केळी आपली शान खरी, पण लोह त्यात अगदी थोडं.

जेवणावर लगेच चहा घेतला, की त्यातली पॉलिफिनॉल्स लोह अडवतात. शेतात भाकरीबरोबरच चहा पिणाऱ्या बायांना हे कुणी सांगतच नाही, याची खंत वाटते. तासाभराचं अंतर पुरे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदरपणी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी दोन्ही मिळतात. अनेकजणी त्या एकदमच गिळतात. कॅल्शियम लोहाच्या आड येतं. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा.

सातपुड्याच्या पट्ट्यात, चोपडा-यावलपासून शिरपूरपर्यंत, सिकलसेल हा रक्ताचा आजारही आढळतो. त्यातही रक्त कमी होतं. म्हणून तिथं रक्त कमी दिसलं म्हणून मनानं लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, आधी तपासणी करून घ्या.