चाचणीच खोटी ठरू नये म्हणून...

नवे सॉफ्टवेअर वापरकर्त्यांच्या हाती देण्यापूर्वी त्याच्या अनेक चाचण्या घेतल्या जातात. युनिक्स घराण्यातील संगणकांवर त्यासाठी बऱ्याचदा 'शेल स्क्रिप्ट', म्हणजे ओळीने लिहिलेल्या आज्ञांची फाइल, वापरली जाते. मात्र, एका संगणकावर चाललेली स्क्रिप्ट सर्वत्र चालेलच असे नाही.

याचा प्रत्यय ऑक्टोबर २००६ मध्ये आला. उबुंटूच्या ६.१० या आवृत्तीत 'एसएच' या नावाने चालणाऱ्या 'बॅश'च्या जागी 'डॅश' हा आटोपशीर शेल आला. वेग वाढावा, हा हेतू होता. पण केवळ बॅशलाच कळणाऱ्या आज्ञा असलेल्या अनेक स्क्रिप्ट अडखळल्या.

चाचण्यांमध्ये हा धोका अधिक गंभीर असतो. दोन शब्दांच्या तुलनेसाठी बॅशला बरोबरची दोन चिन्हे चालतात; त्या डॅशला ती कळत नसत. तो त्रुटीचा संदेश देऊन अट 'असत्य' मानत असे आणि पुढे जात असे. 'निकाल बिघाड असा आल्यास चाचणी नापास करा', अशी अट असेल, तर सदोष सॉफ्टवेअरही उत्तीर्ण ठरे.

यावरील उपाय म्हणजे 'पॉसिक्स' या मानकाची चौकट पाळणे. तुलनेसाठी एकच बरोबर चिन्ह वापरावे, मजकूर छापण्यासाठी 'एको'ऐवजी 'प्रिंटएफ' वापरावा आणि बॅशमधील 'अ‍ॅरे' टाळावेत. 'गिट' प्रकल्पाच्या शेलमधील चाचण्यांसाठीही असेच नियम आहेत. शिवाय प्रत्येक स्क्रिप्ट किमान दोन वेगळ्या शेलवर चालवून पाहावी. चाचणी मुद्दाम नापास होईल, अशी स्थितीही एकदा निर्माण करावी. नापास करू न शकणाऱ्या चाचणीच्या 'उत्तीर्ण' शेऱ्याला अर्थ नसतो.