गाळा भाड्याने देण्यापूर्वी परवाना कशाचा ते पाहा

मागील महिन्यात अकोल्याचे एक बुजुर्ग वाचक आमच्याकडे आले. लोखंडी कपाटे बनविण्याचा त्यांचा जुना व्यवसाय. मुलगा दुसऱ्या धंद्यात गेल्यामुळे रस्त्याकडील एक गाळा रिकामा पडला होता आणि त्याला चालू दराच्या दुपटीहून अधिक भाडे देणारा भाडेकरू चालून आला होता. 'ऑनलाइन लॉटरी व व्हिडिओ गेम' असा धंदा त्याने सांगितला. सोबत कागदांची फाईलही दिली. तीत शॉप अॅक्टचा दाखला, महानगरपालिकेची एक पावती आणि करमणुकीच्या जागेचा म्हणून एक परवाना होता. "भाई, कागद पक्के आहेत की नाही, एवढेच पाहून सांगा," असे त्यांचे म्हणणे. अमरावतीच्या इतवारा बाजारातील दोन दुकानदारांनीही हाच प्रश्न केला होता, म्हणून उत्तर येथे सविस्तर देत आहोत. जुगार हराम आहे हे आमच्या वाचकांना या पानावरून सांगण्याचे कारण नाही. येथे प्रश्न कायद्याचा आणि परवान्याचा आहे.

तर पहिली गोष्ट अशी की, महाराष्ट्रात खासगी माणसाला जुगाराचे दुकान चालविण्याचा परवाना मिळतच नाही. अमुक फी भरली, तमुक अर्ज केला आणि परवाना हाती आला, अशी सोय या राज्यात नाही. घटनेच्या सातव्या परिशिष्टात 'पैज व जुगार' हा विषय राज्यांच्या यादीत आहे आणि आपल्या राज्यात त्यासाठी १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा चालतो. नावातच प्रतिबंध आहे. घोड्यांच्या शर्यतींना वेगळा, १९१२ चा परवाना कायदा आहे, पण तो मुंबईच्या महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यतीच्या मैदानांसाठी. वऱ्हाडातील गाळ्याशी त्याचा संबंध नाही.

"पण व्यापार करण्याचा हक्क घटनेने दिला आहे ना?" असे कोणी विचारील. हा वाद फार पूर्वीच मिटला आहे. बंगळूरच्या एका पत्रातील बक्षिसांची शब्दकोडी मुंबई राज्यात चालत. त्यांच्यावर राज्याने नियंत्रण व कर बसविला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५७ मध्ये न्यायालयाने सांगितले की, जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापारच नव्हे. म्हणजे तुमच्या कपाटाच्या कारखान्याला जो हक्क आहे, तो जुगाराच्या टेबलाला नाही.

परवाने देण्याचा विचार आपल्या सरकारने केलाच नाही असेही नाही. १९७६ मध्ये कॅसिनो नियंत्रण व कर कायदा विधिमंडळाने मंजूर केला. त्यात परवाना, फी, कर सर्व काही होते. परंतु तो अमलात आला नाही तो नाहीच. सत्तेचाळीस वर्षे कागदावर राहून २०२३ मध्ये तो रद्द झाला. त्याच १९७६ साली गोव्यातही जुगारबंदीचा कायदा झाला, पण १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचा खेळ आणि १९९६ मध्ये पाण्यातील जहाजांवर टेबलांचे खेळ परवान्याने खुले करण्यात आले. गंमत अशी की, २०२० मध्ये त्याच गोवा सरकारने स्थानिक गोवेकरांना कॅसिनोत खेळायला जाण्यास बंदी घातली. माल परगावच्या गिऱ्हाईकाला विकायचा, घरच्यांनी मात्र त्याला हात लावायचा नाही!

आता लॉटरीकडे वळू, कारण भाडेकरू याच नावाखाली येतात. महाराष्ट्र सरकारने स्वतःची लॉटरी १९६९ मध्ये सुरू केली. सरकारी महसूल वाढावा आणि लोकांनी मटक्याकडून सरकारी तिकिटाकडे वळावे, असा दुहेरी हेतू होता. या मटक्याला वऱ्हाडात आपण 'वरली' म्हणतो आणि त्याचे मूळ आपल्याच पिकात आहे. अमरावतीच्या नावावरून पडलेल्या 'ऊमरा' या नावाने वऱ्हाडची रुई एकेकाळी लिव्हरपूलच्या बाजारात ओळखली जाई. त्याच रुईच्या व्यापारासाठी न्यूयॉर्कचे उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईच्या रुईबाजारात येत आणि त्या आकड्यांवर पैजा लागत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणे थांबले, तेव्हा चिठ्ठ्या मडक्यातून निघू लागल्या. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द मात्र रुईबाजारातले तसेच राहिले. हिशेबही पाहा. शून्य ते नऊ अशा दहाही अंकांवर एकेक रुपया लावला तर दहा रुपये जातात आणि लागलेल्या अंकाचे नऊ परत येतात. जोडी शंभर आहेत, भाव नव्वदचा. शेकडा दहाची तूट प्रत्येक फेरीला सोसणारा धंदा आमच्या एकाही व्यापारी वाचकाने आठवडाभर चालविला नसता. तरीही दिवसाची मजुरी घेऊन पट्टी लिहायला उभे राहणारे कारागीर आपण सर्वांनी पाहिले आहेत.

हा एका अंकाचा रोग १९९० च्या दशकात लॉटरीलाही लागला. अखेर संसदेने १९९८ चा लॉटरी नियमन कायदा केला. गाळामालकाने यातील काही अटी पाठच कराव्यात. एकाच अंकावर किंवा आधी जाहीर केलेल्या क्रमांकावर बक्षीस ठेवता येत नाही. तिकिटावर राज्याची छाप व बोधचिन्ह हवे. एका लॉटरीची आठवड्यातून एकापेक्षा अधिक सोडत नाही आणि सोडत राज्याने स्वतः काढायची. विक्रेता हा राज्याचा किंवा त्याच्या वितरकाचा नेमलेला असतो. एखाद्या दुकानात पडद्यावर दर काही मिनिटांनी शून्य ते नऊपैकी आकडा 'लागत' असेल, तर पाटीवर काहीही लिहिलेले असो, ती या कायद्यातली लॉटरी नव्हे.

बाहेरच्या राज्यांची तिकिटे आपल्याकडे का चालतात, असेही विचारले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये निकाल दिला की, ज्या राज्याला इतरांची लॉटरी बंद करायची आहे त्याने आधी स्वतःची बंद करावी. महाराष्ट्राने स्वतःची ठेवली, म्हणून दार उघडे राहिले. त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले की, सरकारने चालविली तरी लॉटरी हा जुगारच. राज्य विकते म्हणून तिचे स्वरूप बदलत नाही.

व्हिडिओ गेमचा आणि पत्त्यांच्या क्लबचा परवाना हा करमणुकीचा किंवा संस्थेच्या नोंदणीचा असतो. केवळ कौशल्याच्या खेळाला १८८७ चा कायदा लागू नाही आणि रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या निकालात मानले. पण त्याच निकालात पुढे हेही आहे की, क्लबचा मालक डावाच्या पैशांतून नफा काढीत असेल तर गुन्हा होऊ शकतो. पुढचे हे वाक्य परवाना दाखविणारे सहसा सांगत नाहीत. शॉप अॅक्टचा दाखला तर किराणा दुकानालाही असतो. आत काय चालते त्याची हमी तो देत नाही.

आता मालकाचे काय? १८८७ च्या कायद्याचे कलम ४ केवळ अड्डा चालविणाऱ्याला धरीत नाही. आपली जागा त्यासाठी वापरली जाते हे माहीत असून वापरू देणाऱ्या मालकालाही धरते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची. शिवाय बेकायदा हेतूसाठी जाणूनबुजून केलेला करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे रद्दबातल ठरतो, तेव्हा दुप्पट भाडे थकले तर ते कोर्टातून मिळण्याची आशा नाही. पैजेत जिंकलेली रक्कमही कलम ३० प्रमाणे वसूल होत नाही. शर्यतीच्या घोड्यांच्या ५०० रुपये व त्यावरील बक्षिसासाठी दिलेल्या वर्गणीला मात्र तेच कलम सूट देते!

इंग्लंडमध्ये याच्या उलट रीत आहे. तेथे २००५ च्या कायद्याने आयोग नेमला. धंदा चालविणाऱ्याला आयोगाचा आणि जागेला स्थानिक संस्थेचा असे दोन परवाने लागतात, आणि २००७ पासून पैजेचे येणे कोर्टात मागता येते. पण परवाना आला म्हणजे नुकसान थांबले असे नाही. तेथील पैजेच्या दुकानांतील यंत्रांवर एका डावाला १०० पौंड लावता येत. कुटुंबे बुडू लागल्यावर २०१९ मध्ये ही मर्यादा २ पौंडांवर आणावी लागली. २०२० मध्ये क्रेडिट कार्डावर जुगार खेळण्यासही बंदी झाली. आमच्या मते परवान्याचा एक फायदा खरा आहे. हरलेल्याला तक्रार करायला एक दार असते. आपल्याकडे वरलीत बुडालेला कारागीर कोणाकडे जाणार? त्याने खेळणे हाच गुन्हा.

मोबाईलवरील पैशांच्या खेळांबाबत संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा मंजूर केला. त्यात खेळ चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे व पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. दुकानाच्या शटरवर अशा खेळाची जाहिरात रंगवू देणाऱ्यांनीही हे वाचून ठेवावे.

अकोल्याच्या त्या वाचकांना आम्ही दोनच कागद मागायला सांगितले. एक, लॉटरी चालविणाऱ्या राज्याच्या वितरकाचे विक्रेता म्हणून नेमणूकपत्र. दुसरा, जागेत पैशांवर कोणताही खेळ चालणार नाही आणि चालल्यास गाळा तत्काळ रिकामा करीन, असे भाडेकरूचे लेखी हमीपत्र. भाडेकरू "उद्या आणतो" म्हणून गेला, तो परत आलेला नाही. गाळ्यासाठी आता एका गादीवाल्याची बोलणी चालू आहेत. भाडे निम्म्याहून कमी येईल, आणि घरात त्यावरून अजून वाद आहे.