गॅसची वीज आणि वावरातला पंप

हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री बॅटरी घेऊन वावरात जाता, तेव्हा मनात येतंच ना? समुद्रात एवढा गॅस सापडला, मग त्याची वीज आपल्या पंपाला का नाही?

वीज होते, पण थोडी. मुंबई हायच्या गॅसवर उरणचे केंद्र 1982 मध्ये सुरू झाले. आज त्याची क्षमता 672 मेगावॅट आहे. गॅस जाळून एक जनित्र फिरते, त्याच्याच गरम धुरावर वाफ करून दुसरे. राख नाही, अन् संच झटपट सुरू होतो. आपल्या शेजारच्या पारसचा कोळशाचा संच थंड पडला, तर तापायला तासन्‌तास लागतात.

अडचण आहे ती गॅसचीच. दाभोळचा प्रकल्प 1999 मध्ये महाग नाफ्थ्यावर सुरू झाला, दराच्या वादात 2001 मध्ये बंद पडला. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस मिळाला, तोही आटला. शिवाय थळचा युरियाही गॅसपासूनच बनतो. म्हणजे खताची गोणी आणि पंप, दोघांचा वाटा एकाच नळातून!

तेव्हा गॅसच्या भरवशावर राहू नका. दिवसा विजेसाठी 2023 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 आहे. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी उपकेंद्राजवळची जागा हेरावी, ग्रामसभेत विषय घ्यावा. साप-विंचवाच्या अंधारात बारे फिरवण्यापेक्षा उन्हातली वीज बरी.