फोडणी आणि स्मोक अलार्म

गेल्या वर्षी लेक कॉलेजसाठी बोस्टनला गेली. एका रात्री तिचा फोन, "आई, वरण कसं करतेस गं?" मला धड प्रमाण सांगता येईना, आमचं सगळं अंदाजपंचे! म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या आमच्या स्वयंपाकघरात दर शनिवारी ओळखीतली पाच मुलं जमतात. एक वाटी तूरडाळ, तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद. पोहे जाडच घ्यायचे, चाळणीत धुवायचे, भिजत ठेवायचे नाहीत. पहिल्याच फोडणीला स्मोक अलार्म कोकलला. मुलं बाहेर पळाली, गॅस तसाच! आता आधी खिडकी उघडतात.

ऑगस्टमध्ये सगळी पांगतील. परवा एकाने घरी एकट्याने वरणभात करून आईला वाढला. ती फोनवर रडत हसत होती. मीठ विसरला होता म्हणे.