यरुशलेम येथील सामाईक घर

आम्ही अहमदनगरकडील ख्रिस्ती. प्रभु येशूस जेथें क्रुसावर खिळिलें व जेथें कबरेंत ठेविलें अशी परंपरा आहे, त्या यरुशलेमच्या पवित्र कबरेच्या मंदिराचें दर्शन एकदां तरी घडावें, ही इच्छा लहानपणापासून मनांत होती. २०१८ सालीं तो योग आला. निघतांना मात्र एक शल्य बरोबर होतें. वडीलबंधूंशीं आमचें चार वर्षें बोलणें नव्हतें. वडिलोपार्जित घराची वाटणी झाली. ओसरी तेवढी सामाईक राहिली. वाळवीनें तिचे वासे पोखरले; पण जो दुरुस्ती करील तो पुढें मालकी सांगेल, या भयानें दोघांपैकीं कोणीहि सुतारास हात लावूं देईना.

मंदिराच्या पटांगणांत पाय ठेवतांच दरवाजाच्या वर, खिडकीखालीं टेकलेली एक लहानशी लांकडी शिडी दिसली. १७२८ च्या एका चित्रांतहि ती आहे. सर्वांच्या संमतीवांचून ती हलवितां येत नाहीं, म्हणून ती तेथेंच!

३३५ सालीं या मंदिराची प्रतिष्ठा झाली. आज ग्रीक, लॅटिन, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन व इथियोपियन असे सहा पंथ येथें उपासना करितात. कोणता दिवा कोणाचा, कोणती पायरी कोणीं झाडावयाची, सारें ठरलेलें. १८५२ च्या तुर्की सुलतानाच्या फर्मानानें ही 'जैसे थे' स्थिति कायम केली. दाराची किल्ली मात्र यांपैकीं एकाहि पंथाकडे नाहीं. ती एका मुसलमान घराण्याकडे असते, व दुसरें मुसलमान घराणें दार उघडतें. पिढ्यान् पिढ्या त्यांनीं हा विश्वास राखिला आहे. हें पाहून आम्हांस प्रथम खेद झाला. मग घरची ओसरी आठवून लाज वाटली.

कबरेवर एक लहान घुमटी आहे. १८०८ च्या आगीनंतर १८१० सालीं ती पुन्हां उभारली. पुढें तिच्या भिंती फुगूं लागल्या, तेव्हां १९४७ सालीं इंग्रज सरकारनें ती लोखंडी तुळयांनीं आवळून टाकिली. खरी दुरुस्ती जवळजवळ सत्तर वर्षें होईना. कारण येथेंहि दुरुस्ती करणें म्हणजे हक्क सांगणें! अखेर २०१६ सालीं ग्रीक, लॅटिन व आर्मेनियन या तीन पंथांनीं एकत्र बसून करार केला, खर्चाचा भार उचलिला, बाहेरच्या देणग्यांनींहि हात दिला. आणि २०१७ च्या मार्चमध्यें काम पुरें झालें.

आमची पाळी आली. कबरेचें दार इतकें ठेंगणें कीं, वांकल्यावांचून आंत जातां येत नाहीं. संगमरवरी शिळेवर आम्हीं कपाळ टेकलें. पुष्कळ मागावयाचें योजिलें होतें. त्यांतलें एकहि आठवेना. डोळ्यांपुढें फक्त ते पोखरलेले वासे व वडीलबंधूंचा चेहरा. इतक्यांत बाहेर पडण्याची खूण झाली.

त्याच रात्रीं आम्हीं पत्र लिहिलें : "दादा, ओसरी आपणच दुरुस्त करावी. निम्मा खर्च मी देईन. हक्क आपला म्हणून कागद करून ठेवावा, मी सही करीन."

परत येऊन पाहतों तों सुतार कामास लागला होता. कागद मात्र दादांनीं केलाच नव्हता.

सामाईक घरांत नांदणाऱ्या आमच्या वाचकांस इतकेंच सांगावेंसें वाटतें : हक्काचा निवाडा सावकाश होवो, छप्पर मात्र आधीं शाकारून घ्यावें.