जाळीच्या छिद्राएवढंच सत्य

किनाऱ्याजवळच्या पाण्यातलं सूक्ष्म प्लास्टिक, म्हणजे 5 मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे, मोजण्यासाठी बहुतेक ठिकाणी ‘मांटा’ जाळं वापरतात. रुंद चौकोनी तोंड, दोन्ही बाजूंना तरंगते पंख, मागे निमुळती जाळी. होडीमागच्या घुसळलेल्या पाण्यापासून दूर, बाजूने ते साधारण 15 ते 30 मिनिटं संथपणे ओढतात. तोंडाशी लावलेला प्रवाहमापक किती पाणी गाळलं गेलं ते सांगतो.

खरी मेख छिद्रांत आहे. ती बहुधा 0.33 मिलिमीटरची असतात. हे माप प्लवक पकडण्याच्या जाळ्यांकडून आलं. प्लास्टिकचा विचार करून ते ठरलेलं नाही. कपडे धुताना सुटणारे बारीक धागे त्यातून सहज निसटतात. म्हणून काही संशोधक बादलीने किंवा पंपाने पाणी घेऊन अधिक बारीक गाळणीतून गाळतात. धागे मिळतात, पण थोड्याशा पाण्यात मोठे, विरळ तुकडे येतच नाहीत. माझ्या मते दोन्ही पद्धती जोडीनेच वापरायला हव्यात.

वारा जोराचा असला की हलकं प्लास्टिकही खाली ढवळलं जातं आणि पृष्ठभागावरचा आकडा घटतो. शिवाय नमुना घेणाऱ्याच्या अंगावरचे कृत्रिम धागेही त्यात पडू शकतात. त्यासाठी सुती कपडे घालतात आणि शुद्ध पाण्याचा कोरा नमुना सोबत तपासतात.

काही अहवाल तुकडे प्रति घनमीटर देतात, काही प्रति चौरस किलोमीटर. एकक आणि छिद्राचं माप जुळत नसेल, तर दोन किनाऱ्यांची तुलना कृपया करू नका.